परदेशी ॲम्प आपल्याकडे दीडपट महाग का पडतो?

नाशिकच्या एका तरुण गिटारवादकाने विचारलंय: ‘अमेरिकेत ८०० डॉलरला मिळणारा ट्यूब कॉम्बो ॲम्प आपल्याकडे घ्यायला गेलं की रुपयांत दीडपट पैसे मोजावे लागतात. हा सगळा सरकारी कर आहे, की मधले लोक लुटतात? माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. दिवाळीला येताना त्याला आणायला सांगू का?’

मी पुण्यात ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे गिटारचे ॲम्प्लिफायर, दुरुस्त करतो. कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. त्याआधी काही वर्षं एका आयातदाराकडे होतो. आलेल्या मालाची किंमत बसवणं हे तिथलं माझं रोजचं काम होतं. त्यामुळे किमतीची पाटी लिहिणारा आणि ती वाचून निराश होणारा वादक, दोघांनाही जवळून पाहिलंय.

कर हे एक कारण आहे, पण एवढ्या फरकाला तो एकटा पुरत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की सरकार पंधरा टक्के शुल्क घेतं म्हणजे वस्तू पंधरा टक्क्यांनी महागते. तसं होत नाही. प्रत्येक टप्प्यावरची टक्केवारी मागच्या सगळ्या बेरजेवर लागते. शंभर रुपये धरून हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत. मालागणिक आणि व्यापाऱ्यागणिक ते बदलतात, पण घडण हीच असते.

समजा, कारखान्याने आपल्या डिस्ट्रिब्युटरला ॲम्प १०० रुपयांना विकला. जहाजाचं भाडं आणि विमा मिळून १० रुपये, म्हणजे न्हावा शेवाला उतरताना ११०. कस्टम्सचं मूळ शुल्क १५ टक्के धरू. ते भाड्यासकट ११० वर लागतं, म्हणून १६.५० होतं. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १.६५. झाले १२८.१५. यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, भरावा लागतो. तो पुढे विक्रीच्या जीएसटीतून वळता होतो, म्हणून खर्चात धरत नाही, पण ती रक्कम तोवर अडकून राहते. क्लिअरिंग एजंट, कंटेनर यार्ड, भिवंडीच्या गोदामापर्यंतचा टेम्पो यांचे ५. माल मागवल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचं व्याज ५. आता १३८.१५ झाले. डिस्ट्रिब्युटरने त्यावर पंचवीस टक्के लावले, डीलरने आणखी पंचवीस टक्के लावले, म्हणजे जवळजवळ २१६. मग १८ टक्के जीएसटी. दुकानातली किंमत २५४ रुपये ७० पैसे.

याच हिशेबातून कस्टम्सचं शुल्क आणि अधिभार काढून टाका. किंमत २२१.२५ येते. सरकारने बंदरावर १८.१५ रुपये घेतले, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून त्यापोटी ३३ रुपयांहून जास्त गेले. भाड्याचंही तसंच. १० रुपयांचं भाडं दुकानापर्यंत पोचताना साडेएकवीस रुपये होतं. मधे कुणी लबाडी केलेली नाही. डीलर आपला टक्का त्याने गुंतवलेल्या पूर्ण रकमेवर लावतो, आणि त्या रकमेत भाडंही असतं, शुल्कही असतं.

आता हाच शंभराचा ॲम्प अमेरिकेत. कारखान्याची स्वतःची कंपनी थेट दुकानाला विकते, मधला एक टप्पा गळतो. ट्रकचं भाडं धरून दुकानाला ११० ला पडला, दुकानाने पस्तीस-छत्तीस टक्के लावले, तर दीडशेच्या आसपास जातो. पाटीवर तेवढंच लिहिलेलं असतं, कारण अमेरिकेत विक्रीकर बिलाच्या वेळी वेगळा लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, ओरेगनमध्ये शून्य. ब्रिटनच्या दुकानातल्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, जर्मनीत १९, डेन्मार्कमध्ये २५, जपान आणि ऑस्ट्रेलियात १०. म्हणून संकेतस्थळावरचा अमेरिकी आकडा आणि आपल्या दुकानातला आकडा शेजारी ठेवून वैतागण्याआधी एकातून कर वजा करा किंवा दुसऱ्यात मिळवा. एवढं केलं तरी फरकाचा बराच भाग समजतो.

पण एक बाजार दुसऱ्यापेक्षा महाग का होतो, हे मला स्वतःला सर्वांत नीट समजलं ते मार्शल या ब्रिटिश ॲम्प कंपनीच्या गोष्टीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची टंचाई होती. अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, ते १९५९ मध्ये उठले. उठल्यावरही फेंडर या अमेरिकी कंपनीचे ॲम्प तिथल्या पोरांना परवडण्यासारखे नव्हते. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ड्रमर वाद्यांचं दुकान चालवत. गिऱ्हाइकं मागत होती तो आवाज आयात करून देणं महाग जात होतं. तेव्हा त्यांच्या दुकानात दुरुस्ती करणारे केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा बासमन ॲम्प समोर ठेवून १९६२-६३ मध्ये जेटीएम ४५ हा ॲम्प बनवला. सर्किट जवळपास तेच. पण ट्रान्सफॉर्मर ब्रिटनमध्ये मिळणारा, स्पीकर अमेरिकी जेन्सनऐवजी ब्रिटिश सेलेशनचे, आणि लवकरच पॉवर ट्यूब केटी ६६. स्थानिक भाग घातल्यामुळे आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाज पुढे सगळ्या जगाने डोक्यावर घेतला. आज ज्याला आपण ‘ब्रिटिश टोन’ म्हणतो, त्याच्या मुळाशी आयात परवडत नसल्याची अडचण आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या प्रश्नाला जास्त लागू पडतो. १९६५ मध्ये मार्शल यांनी रोज-मॉरिस कंपनीशी पंधरा वर्षांचा वितरण करार केला. भांडवल हाती आलं, कारखाना वाढला. पण निर्यातीच्या मालावर रोज-मॉरिस ५५ टक्के चढवत असे. परिणामी जगाच्या बाजारात मार्शल बराच काळ महागच राहिला, आणि तो करार ही आपली सर्वांत मोठी चूक होती, असं जिम मार्शल पुढे बोलून दाखवत. ज्या जुन्या डीलर मित्राला करारामुळे मार्शल नावाने माल देता येईना, त्याच्यासाठी त्यांनी ‘पार्क’ नावाचा वेगळा ब्रँड काढला. करार संपल्यावर १९८१ मध्ये ॲम्पची जेसीएम ८०० मालिका आली. कारखाना तोच, कर तेच, जहाजं तीच. मधला एक करार पंधरा वर्षं किंमत वर ठेवू शकतो.

आपल्याकडेही बहुतेक ब्रँडचा देशभरासाठी एकच डिस्ट्रिब्युटर असतो. त्याला कुणी स्पर्धक नाही हे खरं, आणि काही जण त्याचा फायदा घेतात हेही खरं. पण त्याची बाजू मी आतून पाहिली आहे.

परदेशी कारखाने एका ऑर्डरला किमान इतके नग घ्याच, अशी अट घालतात. ॲम्प जड आणि बोजड. फेंडरचा ’६५ ट्विन रिव्हर्ब २९ किलोच्या आसपास, व्हॉक्सचा एसी ३० त्याहून जड. चार बारा-इंची स्पीकरचं कॅबिनेट खोक्यात घातलं की साधारण ८५ गुणिले ८५ गुणिले ४५ सेंटिमीटर होतं. कुरियरवाले त्याचं घनफळ ५००० ने भागतात आणि म्हणतात, हे ६५ किलो. प्रत्यक्ष वजन चाळिशीच्या आत असलं तरी पैसे ६५ किलोचे. गिटार किंवा पेडल विमानाने आणून परवडतं, कॅबिनेट नाही. म्हणून ते जहाजानेच येतं. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, अशी साठ-सत्तर कॅबिनेटं मावतात. पण आपल्या बाजारात एका मॉडेलची साठ-सत्तर कॅबिनेटं किती दिवसांत खपतील? मग डिस्ट्रिब्युटर इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमधली थोडी जागा घेतो, आणि अशा सुट्या जागेचा दर घनमीटरमागे पूर्ण कंटेनरपेक्षा चढाच असतो. जर्मनीतल्या थोमानसारखं दुकान सगळ्या युरोपला माल विकतं, तेव्हा ते पूर्ण कंटेनर भरून घेतं आणि कारखान्याकडून दरही पाडून घेतं. त्यांचे आणि आपले शंभर रुपये मुळातच सारखे नसतात.

परवानग्यांचं गणितही नगांवरच अवलंबून असतं. २०१२ मध्ये भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. त्या पहिल्या यादीत २००० वॉट आणि त्यावरचे ॲम्प्लिफायर होते, २०० वॉट आणि त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक सिस्टिमही होत्या. साधा गिटार कॉम्बो त्या पहिल्या यादीतल्या मर्यादेच्या खाली राहायचा, पण ब्लूटूथ असलेला प्रॅक्टिस ॲम्प आणायचा तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता लागते. युरोपला सीई, जपानला पीएसई, ऑस्ट्रेलियाला आरसीएम, कोरियाला केसी, प्रत्येक देशाची आपापली खूण. त्यासाठीचा खर्च दहा हजार नगांवर वाटला तर कळतही नाही. दीडशे नगांवर वाटला तर प्रत्येक खोक्यावर ठळक दिसतो. शिवाय आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर लावावं लागतं. एमआरपी एकदा छापली की माल संपेपर्यंत तीच धरून बसायचं, म्हणून छापताना थोडी वरच छापली जाते.

ती वर का छापतात, हे मला २०१३ ने शिकवलं. त्या वर्षी मेच्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्टच्या अखेरीस ६८ च्या पुढे गेला. आम्ही मे महिन्यात जुन्या दराने ऑर्डर दिली होती. डीलरांना दर कळवून झाले होते, काहींनी आगाऊ रक्कमही घेतली होती. माल बंदरात आला तेव्हा पैसे नव्या दराने भरायचे, आणि कस्टम्सचं शुल्कही वाढलेल्या रुपयांवर. त्या खेपेत आमच्या मालकांना तोटा झाला. पुढच्या यादीपासून त्यांनी प्रत्येक किमतीत पाच-सात टक्के गादी ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणून मला ती गादी आवडत नाही. पण ती यादी मीच टाइप केली होती, आणि त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

चलनाचा उलटा खेळ जपानमध्ये झाला. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला १०३-१०४ येन मिळत होते, २०२४ च्या जुलैत १६० च्या वर. तिथल्या दुकानांनी किमती तेवढ्या वेगाने वाढवल्या नाहीत. त्यामुळे टोकियोला गेलेले आपले वादक ‘इथे सगळं स्वस्त’ म्हणत परत येऊ लागले. जपानचे कर किंवा डीलरचे टक्के त्यासाठी बदलले नव्हते.

ब्राझीलचं उदाहरण थोडक्यात देतो, कारण तिथली किंमत ऐकून आपल्याकडचे लोक निवांत होतात. तिथे आयात शुल्क, औद्योगिक माल कर, सामाजिक निधीचे कर आणि राज्याचा आयसीएमएस हे एकावर एक चढत आलेत. आयसीएमएस तर करासहित किमतीवर मोजतात. दर १८ टक्के सांगितला तरी मूळ रकमेवर तो २१.९५ टक्के पडतो.

ॲम्पच्या मागच्या पाटीवर ‘मेड इन’ काय लिहिलंय, हे नेहमी बघा. मार्शलचं महागडं हेड (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) इंग्लंडमधल्या ब्लेचलीचं असतं, डीएसएल मालिका व्हिएतनामची. फेंडरचे काही ॲम्प कॅलिफोर्नियातल्या कोरोनाचे, काही मेक्सिकोतल्या एन्सेनाडाचे. कस्टम्स ब्रँडचं घराणं विचारत नाही, माल कुठे बनला ते विचारतं. आसियान देशांशी आपला माल-व्यापार करार २०१० पासून आहे, जपानशी २०११ पासून. ज्या मालाला सवलत लागू आहे तो त्या देशातून, योग्य मूळ-प्रमाणपत्रासह आला तर शुल्क कमी होतं किंवा सुटतं. मात्र २०२० पासून नियम कडक झालेत. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, मालाची तिथली मूल्यवाढ कशी मोजली याची माहितीही आयातदाराने जवळ ठेवावी लागते. छोटा आयातदार कित्येकदा त्या कटकटीला भिऊन पूर्ण शुल्क भरून मोकळा होतो. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला. ब्लेचलीच्या हेडवर पुढे काय फरक पडतो, याकडे माझ्यासारख्यांचं लक्ष आहे.

ट्यूबचं वेगळं सांगतो, कारण ॲम्प घेतल्यावर हा खर्च सुरूच राहतो. आज गिटार ॲम्पच्या बहुतेक ट्यूब तीनच देशांत बनतात: स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, रशियाने निर्यात रोखल्याची बातमी आली आणि जगभर किमती उडाल्या. आपल्याकडे एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) रेडिओच्या ट्यूब बनवायची. जुन्या साठ्यातली बीईएलची ट्यूब मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हाती लागली तर मी आजही टेस्टरवर लावून बघतो. चांगली निघाली तर प्रीॲम्पला, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याला, बेधडक घालतो.

आता चुलतभाऊ. या भागात घाई करू नका, इथे जिवाचा प्रश्न आहे.

अमेरिकेतला विजेचा दाब १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपला २३०, ५० हर्ट्‌झ. तिकडच्या बाजारासाठी बनलेला ट्यूब ॲम्प सरळ आपल्या भिंतीत खुपसला तर ट्यूबच्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला बारा व्होल्ट मिळतात, आणि ट्यूबला लागणारी साडेचारशे व्होल्टची एचटी (हाय टेन्शन) आठशेच्या पुढे जाते. नशीब असेल तर फ्यूज उडतो. माझ्याकडे असा एक कॉम्बो आला होता. आधी कुणीतरी उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली होती. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला, फिल्टर कपॅसिटर फुटले, आणि आतल्या पुठ्ठ्याच्या बोर्डावर काजळी बसली. ट्रान्सफॉर्मर नव्याने वाइंड करून घेतला, बोर्ड साफ केला. अमेरिकेत वाचवलेले सगळे पैसे त्या एका दुरुस्तीत गेले.

विजेचा दाब उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून हा ॲम्प चालवता येतो, पण दोन अटींवर. ॲम्पच्या पाटीवर जितके वॉट लिहिलेत त्याच्या निदान दीडपट, जमल्यास दुप्पट व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) खराखुरा लोखंडी ट्रान्सफॉर्मर घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर चालत नाहीत. दुसरी अट याहून महत्त्वाची. अर्थिंग भिंतीपासून ॲम्पच्या चासीपर्यंत (आतला धातूचा सांगाडा) अखंड पाहिजे. बाजारातल्या पुष्कळ स्टेप-डाऊनना दोनच पिना असतात, अर्थ तिथेच तुटतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून चासीला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वादकाच्या हातातली तारच जिवंत होते, आणि ओठ माइकला लागला की वर्तुळ पुरं होतं. गणपतीच्या मांडवात, ओल्या जमिनीवर, मी असा झटका बसलेला मुलगा पाहिला आहे. सुदैवाने वाचला. त्यानंतर अर्थिंग न तपासता मी कुणाचा ॲम्प परत दिलेला नाही.

साठ हर्ट्‌झचाही प्रश्न आहेच. फक्त ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की गाभ्यातलं चुंबकीय प्रवाहमान वीस टक्के वाढतं आणि तो जास्त तापतो. व्होल्टेज बरोबर उतरवलं तरी ही गोष्ट सुटत नाही.

काही ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरला १०० पासून २४० व्होल्टपर्यंतचे टॅप, म्हणजे जोडणीची वेगवेगळी टोकं, आतच दिलेले असतात, फक्त जोडणी अमेरिकेची असते. ती जाणकार तंत्रज्ञाकडून बदलून, फ्यूजही बदलला की काम भागतं. आणि ज्या मॉडेलिंग ॲम्पच्या (डिजिटल पद्धतीने ट्यूब ॲम्पचा आवाज काढणाऱ्या) पाटीवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला नुसती पिन बदलली तरी पुरे. असा ॲम्प भावाने आणायला माझी काहीच हरकत नाही.

बॅगेचं वजन आणि कस्टम्स हेही आधीच धरा. अमेरिकेहून येताना एका बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते. १४-१५ किलोचा छोटा कॉम्बो खोक्यासकट बसतो, ट्विन बसणार नाही. किंमत बॅगेजच्या मोफत मर्यादेवर गेली तर वरच्या रकमेवर शुल्क लागतं. बिल जवळ ठेवा आणि रेड चॅनलला जाऊन खरं सांगा. इथे वॉरंटी मिळणार नाही हे गृहीत धरा. न्यू जर्सीचा विक्रीकर, जादा सामानाचे पैसे, कस्टम्स, चांगला स्टेप-डाऊन हे सगळं बेरजेला घेतलं की दीडपटीचा फरक बहुतेक वेळा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो. तेवढ्यासाठी मी २३० व्होल्टचा, इथल्या बिलाचा नग घेईन. तोही शोरूमपेक्षा एखाद्या जपून वापरणाऱ्या वादकाकडून सेकंडहँड. आयातीचे सगळे टक्के पहिल्या मालकाने भरलेले असतात.

तरीही भावाकडूनच आणायचा असेल, तर पैसे देण्याआधी त्याला दुकानात जाऊन ॲम्पच्या मागच्या पाटीचा फोटो काढून पाठवायला सांगा. त्यावर व्होल्ट, हर्ट्‌झ आणि वॉट असे तीन आकडे असतात. हर्ट्‌झच्या जागी ५०/६० लिहिलंय की नुसतं ६०, ते आधी बघा आणि फोटो मला दाखवा. नुसतं ६० असेल तर घेऊ नका.